एका सहीचा इतिहास

आजचा विषय तसा घरगुती आहे, म्हणून सुरुवातही घरातूनच करू. एका बॅगेपासून.

मागच्या आठवड्यात आम्ही पुण्यात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरातली मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघाली आहे. बैठकीच्या खोलीत वजनकाटा मांडलेला. बॅग 23 किलोंत बसवायची होती. आई मेतकूट आणि भाजणीच्या पुड्या आत घालत होत्या, वडील काटा बघून त्यातली एक बाहेर काढत होते, आणि त्यांची पाठ फिरली की ती पुन्हा आत जात होती. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपल्या घरी पाहिलेलं असेल.

मुलीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती सारखी फोनवर. विभागप्रमुखांची एक सही राहिली होती. कागदाचं नाव 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'. तिकडच्या विद्यापीठात ती जे पाच विषय शिकणार, ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जातील, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावर विद्यार्थिनीची, इथल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. दोन झाल्या होत्या.

तिचे आजोबा आम्हाला म्हणाले, "तिकीट हातात आहे, व्हिसा आलाय. मग एका सहीसाठी पोरीचा जीव एवढा टांगणीला का लागलाय?"

आम्ही तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण त्या सहीला जवळपास साडेआठशे वर्षांचा इतिहास आहे. परदेशी शिकायला जाणं जुनंच आहे. पण गेलेला विद्यार्थी परत आल्यावर त्याचं शिकणं कोण मान्य करणार, आणि त्याला स्वतःला कोण मान्य करणार, हा प्रश्न सुटायला फार वेळ लागला. आज आपण तेवढाच धागा धरून चालू.

पहिला टप्पा बाराव्या शतकातल्या युरोपचा. इटलीतलं बोलोन्या हे कायद्याच्या शिक्षणाचं केंद्र झालं होतं. आल्प्स ओलांडून जर्मन मुलं तिथे येत. वाटेत चोर आणि टोलवाले, आणि शहरात पोचल्यावर एक वेगळंच संकट. समजा एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने बोलोन्यातल्या सावकाराचे पैसे बुडवले, तर सावकार दुसऱ्या कुठल्याही जर्मन माणसाला धरून वसुली करायचा. असा हाती सापडायला विद्यार्थी सगळ्यात सोपा. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने यावर एक फर्मान काढलं. ते 'ऑथेंटिका हाबिता' या नावाने ओळखलं जातं, आणि 1158 मध्ये रोंकाल्याच्या सभेत त्याला मान्यता मिळाली. विद्येसाठी प्रवास करणाऱ्याला संरक्षण मिळेल, देशबांधवाच्या कर्जासाठी त्याला धरता येणार नाही, आणि त्याच्यावर खटला झाला तर न्याय आपल्या गुरूकडे मागायचा की बिशपकडे, हे तो ठरवेल. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात पडलेल्या पहिल्या सरकारी कागदांपैकी हा एक. आजच्या व्हिसाचा पणजोबा म्हणा हवं तर.

परत आल्यावर काय, या प्रश्नाचंही एक उत्तर त्या काळाने शोधलं होतं. पोपच्या अधिकाराने काही विद्यापीठांच्या पदवीला 'कुठेही शिकवण्याचा हक्क' जोडला जाई. तुलूझला तो 1233 मध्ये मिळाला, बोलोन्याला 1291 मध्ये. तत्त्वतः तिथला पदवीधर ख्रिस्ती युरोपात कुठेही पुन्हा परीक्षा न देता शिकवू शके. प्रत्यक्षात अनेक विद्यापीठं बाहेरच्याला खळखळ केल्याशिवाय आत घेत नसत, पण तत्त्व तरी होतं. शिवाय भाषा सगळीकडे एकच, लॅटिन.

मग हे मोडलं कुठे? त्याची चाहूल त्याच शतकात लागलेली दिसते. 1224 मध्ये दुसऱ्या फ्रेडरिकने नेपल्सला विद्यापीठ काढलं आणि सोबत हुकूम दिला की माझ्या सिसिलीच्या राज्यातल्या प्रजेने यापुढे शिकायला बाहेर जायचं नाही. गंमत बघा. विद्यार्थ्यांना प्रवासाचं संरक्षण देणारा बार्बारोसा हा त्याचा आजोबा! नातवाला बोलोन्यासारख्या विरोधी शहरात आपली माणसं घडायला नको होती. आपले कारकून, आपले न्यायाधीश आपणच घडवायचे होते. पुढे राष्ट्रं पक्की होत गेली तशी प्रत्येकाने आपापली पदवी, आपापली भाषा, आपापल्या परीक्षा उभ्या केल्या. एकीकडचं शिक्षण दुसरीकडे चालेनासं झालं.

आता आपल्याकडे येऊ. काळ एकोणिसाव्या शतकाचा शेवट. आपल्याकडे परतणाऱ्याची परीक्षा घेणारं विद्यापीठ वेगळंच होतं. त्याचं नाव जात.

24 फेब्रुवारी 1883. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात एक अठराव्या वर्षातली मराठी मुलगी इंग्रजीतून भाषण करते. आनंदीबाई जोशी. कल्याणला जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि ते दहा दिवसांत गेलेलं. वैद्यक शिकायला ती एकटी अमेरिकेला निघाली आहे आणि लोक तिला जे प्रश्न विचारत आहेत त्यांची ती जाहीर उत्तरं देते. प्रश्न सहा आहेत. अमेरिकेला का जायचं? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? काही विपरीत घडलं तर काय करशील? आजवर कोणत्याही बाईने केलं नाही ते तूच का करायचं? आणि या सहांमधला चौथा प्रश्न आपल्या विषयाचा आहे: परत आल्यावर तुला वाळीत टाकणार नाहीत का?

तिचं उत्तर वाचताना आजही चकित व्हायला होतं. तिने सांगितलं, मी तिथे इथल्यासारखीच राहणार आहे. पोशाख, जेवण, आचार काही बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. आणि वाळीत टाकायचंच असेल, तर परत येईपर्यंत थांबता कशाला, आत्ताच टाका. तिला कळलं होतं की जाण्याची परवानगी मागण्यात अर्थ नाही. निघण्याआधीच तिने परत येण्याच्या अटी जाहीर केल्या. 7 एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि 4 जूनला न्यू यॉर्कला उतरली. भाड्यासाठी दागिने विकले होते. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीतही तिने साडी सोडली नाही, ते या शब्दाखातर.

पाच वर्षांनी, 1888 मध्ये, मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा लंडनला निघाला. मुंबईत त्याच्या मोढ वाणी जातीची सभा बसली. जातीच्या शेठने निकाल दिला की हा मुलगा आजपासून जातीबाहेर, आणि जो त्याला मदत करेल किंवा बंदरावर पोचवायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड! 4 सप्टेंबरला बोट सुटली. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन परत आल्यावर मोठ्या भावाने त्याला आधी कुठे नेलं असेल? नाशिकला. गोदावरीत स्नान घातलं, आणि मग राजकोटला जातभोजन दिलं. तरीही जातीचा एक गट त्याला बाहेरचाच समजत राहिला. म्हणजे लंडनच्या पदवीवर सही करायला गोदावरीचं पाणी लागलं, आणि ती सहीसुद्धा अर्ध्या जातीनेच मान्य केली.

इथे कुणी म्हणेल, हे जुन्या रूढींचं झालं. सरकारचा लेखी करार असता तर? तेही आपल्या इतिहासात घडून गेलं आहे.

4 जून 1913. बडोदा. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला निघाले आहेत. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात त्या दिवशी करारावर सही करायची की शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करीन. चारच महिन्यांपूर्वी वडील वारले होते. जुलैमध्ये ते न्यू यॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, 1915 मध्ये एम.ए. झाले, आणि 1916 मध्ये लंडनला गेले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावं लागलं. येताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी आठवणीने पदरात पाडून घेतली, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल.

आता हिशोब मांडा. विद्यापीठाने शिक्षण मान्य केलेलं. संस्थानची नोकरी ठरलेली. परतीची लेखी सोय आपल्या त्या मुलीच्या कागदापेक्षा पक्की! आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला की राहायचं कुठे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे. ते सांगतात की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती. ती स्टेशनवर परत आली. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत, म्हणून ते पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत निघायला सांगितलं. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही कारणं सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास आपल्या काळातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एक जण कामाठी बागेत बसून होता.

त्या पुस्तकाच्या नावातच व्हिसा आहे. परदेशी जाताना जो अडला नाही, त्याला व्हिसा हवा होता तो आपल्याच देशात. ही गोष्ट आपण पुढच्या भागातही लक्षात ठेवू, कारण तिथे सगळं फार सुरळीत दिसायला लागतं.

लंडनच्या त्या परवानगीचं काय झालं, तेही सांगतो. 1920 मध्ये, चार वर्षांच्या मुदतीत, मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं कर्ज घेऊन ते लंडनला परत गेले. 1923 मध्ये डी.एस्सी. घेतली. आधी मिळवून ठेवलेली एक लेखी परवानगी किती लांबवर उपयोगी पडते, ते इथे दिसतं.

योगायोग असा की त्याच 1923 मध्ये अमेरिकेत एक छोटी गोष्ट घडली. आजच्या 'सेमिस्टर अब्रॉड'ची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. डेलावेअर विद्यापीठात रेमंड कर्कब्राइड नावाचे तरुण प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैनिक होते. त्यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांच्यापुढे कल्पना मांडली की तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फ्रान्समध्ये शिकायला पाठवू आणि ते वर्ष इथल्याच पदवीत धरू. हलिहेन पाठिंब्यासाठी फिरले. उद्योगपती पियर ड्यू पाँ यांनी साथ दिली, आणि तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीही. परदेशी व्यापार वाढवायचा तर परकी भाषा आणि माणसं समजणारे तरुण हवेत, हा त्यांचा विचार. 7 जुलै 1923 ला आठ विद्यार्थी 'रोशाँबो' नावाच्या जहाजाने न्यू यॉर्कहून निघाले. आधी नान्सी शहरात भाषेची तयारी, मग पॅरिसला सोर्बोनमध्ये शिक्षण, राहणं फ्रेंच कुटुंबांत.

आठच मुलं! पण यात नवीन काय होतं ते बघा. आनंदीबाई, गांधी, आंबेडकर हे पूर्ण पदवीसाठी गेले. गेल्यावर ते तिथल्या संस्थेचे झाले. डेलावेअरची मुलं मात्र फ्रान्समध्ये असतानाही डेलावेअरचीच होती. चार वर्षांच्या पदवीतलं एक वर्ष फक्त वेगळ्या गावी होतं. परत आल्यावर मान्यता मागायची नव्हती, ती घेऊनच ती निघाली होती. दोन वर्षांनी स्मिथ कॉलेजने आपल्या विद्यार्थिनी अशाच पाठवल्या, आणि ही पद्धत रुळली.

युरोपला मात्र हे साधायला आणखी चौसष्ट वर्षं लागली, आणि त्यामागे एका मुलीचा अपमान आहे. सोफिया कोराडी रोममध्ये कायदा शिकत होती. 1957 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती कोलंबिया विद्यापीठात गेली. हो, तेच, आंबेडकरांचं. तुलनात्मक कायद्यात मास्टर्स करून 1958 मध्ये रोमला आली आणि विद्यापीठाच्या कचेरीत अर्ज दिला की तिथल्या परीक्षा माझ्या पदवीत धराव्यात. अधिकाऱ्याने लोकांसमोर तिला झाडलं. अमेरिकेत मौजमजा करून आलीस, आणि आता आम्ही ते शिक्षण म्हणून धरायचं, असा एकूण सूर. अर्ज फेटाळला. राहिलेली परीक्षा इथेच दे.

कोराडीबाईंनी ते विसरायचं नाही असं ठरवलं. पुढे त्या इटलीच्या कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार झाल्या, आणि त्या जागेवरून वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली. 1969 मध्ये त्यांनी लेखी टिपण दिलं. 1976 मध्ये युरोपीय समुदायाने विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांना छोटं अनुदान सुरू केलं. मोठ्या योजनेला दोन अडचणी होत्या. एक, रोमच्या करारात विद्यापीठीय शिक्षण हा विषयच नव्हता, फक्त व्यावसायिक प्रशिक्षण होतं. 1985 मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्राव्हिए खटल्यात म्हटलं की विद्यापीठातलं शिक्षणही व्यावसायिक प्रशिक्षणात मोडू शकतं, आणि वाट मोकळी झाली. दुसरी अडचण पैशाची. सदस्य देशांनी रक्कम इतकी कापली की 1986 च्या शेवटी आयोगाने प्रस्तावच मागे घेतला. अखेर 15 जून 1987 ला 'इरॅस्मस' योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी गेले. कोराडीबाई कचेरीतून रित्या हाताने बाहेर पडल्या, त्याला तोवर एकोणतीस वर्षं झाली होती. आज युरोप त्यांना 'मम्मा इरॅस्मस' म्हणतो.

योजनेची कळ दोन गोष्टींत आहे. फी आपल्या घरच्या विद्यापीठात भरायची, यजमान विद्यापीठ वेगळी फी घेत नाही. आणि शिक्षण मोजायला एक समान माप. 1989 मध्ये क्रेडिट मोजण्याची युरोपीय पद्धत प्रायोगिक रूपात आली. पूर्ण वर्षाला 60 क्रेडिट, सेमिस्टरला 30. एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचं काम, त्यात तास, वाचन, परीक्षा सगळं आलं. बाजारात शेर, पायली जाऊन किलो आला तेव्हा जे घडलं, तेच इथे. माप एक झालं की हिशोबाची भांडणं कमी होतात. ती संपत मात्र नाहीत. जर्मनीत 1 हा सगळ्यात चांगला गुण आणि 5 म्हणजे नापास, आपल्याकडे 10 सगळ्यात वर. गुण कसे बदलायचे हेही आधीच ठरवून घ्यावं लागतं.

2015 पासून इरॅस्मसची क्रेडिटची ही देवाणघेवाण भारतासारख्या देशांसाठीही खुली झाली. आपल्याकडे 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिटची बँक सुरू केली, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावे क्रेडिट जमा राहतात. 2022 च्या नियमांनी परदेशी विद्यापीठाबरोबर 'ट्विनिंग' अभ्यासक्रम करता येतो, त्यात तिकडची क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांपर्यंत धरली जातात. सोय आली आहे. पण ती आपोआप लागू होत नाही. विषयाला विषय जुळला का, हे कुणीतरी माणूस बसून बघतो आणि सही करतो.

तर आजोबांना आता नीट उत्तर देता येईल. तिकीट आणि व्हिसा हे जाण्याचे कागद आहेत. ही सही परत येण्याची आहे. ती नसेल तर मुलगी सहा महिने मनापासून शिकून येईल आणि तिला तेच विषय पुन्हा द्यायला सांगितलं जाईल. कोराडीबाईंच्या बाबतीत हेच झालं. म्हणून जाणाऱ्या मुलांना आमचं सांगणं इतकंच: मेतकूट आई घालेलच, तुम्ही त्या सहीच्या मागे लागा. तोंडी होकारावर विमानात बसू नका. तिकडे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर त्या बदलाचीही मान्यता त्याच आठवड्यात लेखी घ्या. आंबेडकरांनी लंडन सोडताना घेतली होती तशी.

आणि एक गोष्ट इथे बसलेल्या मोठ्यांसाठी. बडोद्यात कागद पुरले नाहीत. क्रेडिटची बँक विषय मोजते. परत आलेल्या मुलाला घर भाड्याने मिळतं का, तो तिकडे जे पाहून आला ते वर्गात बोलायला त्याला जागा मिळते का, घरात त्याच्या बदललेल्या सवयींवर रोज टोमणे पडतात का, हे कुठल्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं नसतं. तिथली सही आपल्याला करायची असते.

त्या मुलीचा काल मेसेज आला. विभागप्रमुखांनी सही केली. पाचपैकी चार विषयांवर. पाचवा इथल्या कशाशीच जुळत नाही, म्हणून त्याचे क्रेडिट मिळणार नाहीत. ती म्हणाली, तरीही तो विषय घेणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.